हातचे सुकाणू

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा आम्ही इतिहासाचाच एखादा विषय घेणार, असे त्यांनी गृहीत धरले होते. आणि खरे सांगायचे तर आम्हीही. माजी विद्यार्थ्यांना आम्ही आठवतो ते सनावळ्या घोकून घेणारे आणि उठता बसता ‘पुरावा काय?’ असे विचारणारे शिक्षक म्हणून. परंतु गेल्या काही वर्षांत आम्हांला स्वतःला जे शिकायला मिळाले, ते इतिहासाच्या तासाला मिळालेले नाही. ते मिळाले वसतिगृहामागच्या त्या खोलीत, जिथे एके काळी धान्याची पोती ठेवली जात.

त्या खोलीत आज एक विमान आहे. ते जमिनीपासून बोटभरही उठत नाही. एक जुना संगणक, मोडक्या बाकाची बैठक, पीव्हीसी पाइप, प्लायवूडचे तुकडे, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आणि भंगारातून आलेले काही सुटे भाग, एवढाच त्याचा संसार. विमान उडविण्याचा आभास घडविणारे हे यंत्र मुलांनी हाताने केले आहे. भेटीला येणारे पालक खिडकीतून डोकावतात आणि ‘मुले इथे काय खेळतात?’ असे विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजवर तुकड्यातुकड्यांनी दिले; या निमित्ताने ते सलग द्यावे, असे वाटले.

आरंभी हा प्रश्न आमचाच होता. एका संध्याकाळी वंदना आटोपून अभ्यासाची घंटा झाली, तरी संगणक खोलीतून इंजिनाची घरघर ऐकू येत होती. आत दोन मुले आणि नववीतील एक मुलगी पडद्यावरचे विमान उतरविण्याच्या खटाटोपात होती. आम्ही संगणक बंद केला, खोलीला कुलूप लावले आणि किल्ली खिशात घातली. आठ दिवस ती तेथेच राहिली. नवव्या दिवशी त्या मुलीने रीतसर अर्ज आणून दिला. अर्जात लिहिले होते की, ही आज्ञावली विनामूल्य आहे, जगभरचे स्वयंसेवक ती तयार करतात, तिचे नाव ‘फ्लाइटगिअर’ आहे आणि हा खेळ आहे की सराव, हे सरांनी स्वतः बसून ठरवावे. शेवटी एकच शब्द होता : एहिपस्सिको. ये आणि पाहा. रविवारी विहारात ज्या शब्दावर आम्हीच व्याख्यान दिले होते, तो शब्द आमच्यावर उलटला होता. कुलूप काढावे लागले.

आम्ही बसलो. पडद्यावर सेस्ना १७२ हे चार आसनी छोटे विमान होते. बाणांच्या कळा दाबून ते चालवायचे होते. नाक वर गेले म्हणून कळ दाबली, तर काही घडले नाही. आणखी दाबली, तर विमानाने एकदम डोके खाली घातले. सावरायला गेलो, तर ते आकाशाकडे उसळले. असे तीन हेलकावे खाऊन आम्ही शेतात कोसळलो. मुले हसली नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांपैकी एक जण म्हणाला, ‘‘सर, तुमचं चुकत नाही. चित्र उशिरा येते.’’

त्या एका वाक्यात पुढच्या दोन वर्षांचे काम सामावलेले होते. संगणक विमानाची स्थिती क्षणोक्षणी मोजतो आणि तिचे चित्र पडद्यावर काढतो. चित्रपटात सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात, म्हणून डोळ्यांना सलग हालचाल दिसते. आमचा संगणक सेकंदाला सहाच चित्रे काढीत होता. म्हणजे आपण जे पाहतो, ते सेकंदाच्या सहाव्या भागाइतके शिळे. हात त्या शिळ्या चित्रावर विसंबून हालचाल करतो, परिणाम दिसत नाही म्हणून अधिक जोर लावतो, आणि दोन्ही जोर एकदम लागू होतात. डोळा आणि हात यांच्यात अंतर पडले की विमान कोसळते.

इतिहासाच्या माणसाला जुने दाखले शोधल्याशिवाय चैन पडत नाही. आम्ही वाचू लागलो. अमेरिकेत बिंगहॅम्टन येथे एडविन लिंक या तरुणाच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. विमान शिकणे महाग, आणि लिंकला तर त्याचे वेड. ऑर्गनमध्ये हवा भरणारे भाते त्याने लाकडी खोक्याखाली बसविले. आतल्या माणसाने दांडी हलवली की भाते फुगत, आकसत आणि खोके विमानासारखे कलत असे. हे १९२९ सालचे. प्रारंभी त्याला गिऱ्हाईक मिळाले ते करमणुकीच्या बागांत. लोक पैसे देऊन त्यात बसत. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहतुकीचे काम आले आणि वाईट हवामानात, केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव नसलेले अनेक वैमानिक काही आठवड्यांतच मृत्युमुखी पडले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा खोकी विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या लक्षावधी वैमानिकांनी त्याच खोक्यात पहिले धडे गिरवले. ज्याला जग खेळणे समजत होते, ते वाद्य बनविणाऱ्या हातांनी घडविलेले शिक्षण होते. आम्ही मुलांना वर्गात हा इतिहास सांगितला आणि किल्ली त्या मुलीच्या स्वाधीन केली.

अट एकच घातली : जे कराल ते वहीत लिहायचे, आणि एका वेळी एकच बदल करायचा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि सुधारणा झाली, तर ती कशामुळे झाली याचा पुरावा राहत नाही. ती वही आज तीन झाल्या आहेत आणि आमच्या मते शाळेच्या ग्रंथालयातील त्या सर्वांत प्रामाणिक वह्या आहेत.

पहिला बदल फुकटचा होता. संगणकाचा पत्रा उघडला, तर पंख्याच्या पात्यांवर आणि त्याखालच्या धातूच्या जाळीवर धान्याच्या कोठीतील धुळीचा थर बसलेला. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचविण्यासाठी तो आपली गती कमी करतो. कोरड्या ब्रशने धूळ काढली, वाळून गेलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. सहाची आठ चित्रे झाली. दुसरा बदल वजाबाकीचा. सावल्या बंद, फुगीर ढग बंद, हजारो झाडे आणि घरे बंद, दूरवर दिसण्याची मर्यादा कमी, पडद्यावरील चित्राचा आकार लहान. विमान उतरवायला धावपट्टी, क्षितिज आणि समोरची घड्याळे एवढेच लागते. झाडाच्या पानांची सावली लागत नाही. वहीत नोंद आहे : ‘आठचे चौदा.’ तिसऱ्या नोंदीत असे लक्षात आले की, विमान पुढे जाते तसतसा भूभाग इंटरनेटवरून उतरतो आणि आपले नेट रखडले की विमानही रखडते. म्हणून नागपूर परिसराचा भूभाग एकदाच उतरवून साठवून ठेवला आणि उड्डाणाच्या वेळी नेट तोडले. झटके थांबले.

चौथा बदल पैशांचा होता, म्हणून त्यावर दोन आठवडे चर्चा झाली. एसएसडी घ्यावी, असे एकाचे मत. त्याने संगणक लवकर सुरू होईल, पण चित्रांची संख्या वाढणार नाही, असे वाचून ते मत मागे पडले. या संगणकाला चित्रे काढण्यासाठी स्वतंत्र कार्ड नव्हते. ते काम तो मुख्य स्मृतीतलाच वाटा वापरून करीत होता. म्हणून रॅमची एकच पट्टी होती, तिच्या जोडीला अगदी तशीच दुसरी बसविली, म्हणजे स्मृतीकडे जाण्याचा रस्ता दुपदरी झाला. पुढे एका माजी विद्यार्थ्याने स्वतःच्या संगणकातून काढलेले जुने ग्राफिक्स कार्ड पाठवले. त्याला वेगळी वीजजोडणी लागत नव्हती, आणि आमच्या जुन्या पॉवर सप्लायला तेवढेच झेपण्याजोगे होते. चित्रे चाळिसाच्या वर गेली, पण कधी बेचाळीस, कधी अठरा. गंमत अशी की, हातांना ही चढउतार मंदपणापेक्षाही अधिक जाचते. तेव्हा आज्ञावलीतच तिसाची मर्यादा घातली. चाळीस मिळत असता तीस घ्यावेत, हे मुलांना पटायला वेळ लागला. समतोलाची किंमत वेगात मोजावी लागते, हे त्यांनी स्वतः उडवून पाहिले तेव्हाच मान्य केले.

डोळ्यांचा प्रश्न असा सुटला. हातांचा उरला. बाणाची कळ एक तर दाबलेली असते किंवा नसते. विमानाला मात्र ‘थोडेसे’ ही भाषा लागते. बाजारातील तयार नियंत्रणांचे दर पाहिले आणि ते पान बंद केले. मुले म्हणाली, आपणच करू. आणि इथे या कथेत तो मुलगा येतो, ज्याच्याविषयी लिहिताना आमची मान खाली जाते.

तो आठवीत होता. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत तो दोन ओळींपुढे जात नसे. त्याच्या खिशात नेहमी स्क्रू, स्प्रिंगा, मोटारीचे तुकडे सापडत. ते आम्ही दोनदा जप्त केले होते आणि शिक्षक खोलीत त्याच्याविषयी एक शब्द वापरला होता, जो शिक्षकाने वापरू नये. वडील काय करतात, असे विचारल्यावर तो ‘नोकरीला आहेत’ म्हणे. नियंत्रणासाठी पोटेन्शिओमीटर हा भाग लागतो, असे मुलांनी वाचले होते. तो काय असतो, हे कोणालाच ठाऊक नव्हते. हा म्हणाला, ‘‘रेडिओच्या आवाजाचा खटका. असे लय आहेत घरी.’’ सुटीनंतर तो पिशवीभर घेऊन आला. आणि मग त्याने सांगितले की, वडील नोकरीला नाहीत; ते गावोगाव फिरून भंगार घेतात.

पोटेन्शिओमीटरला तीन पाय असतात. दोन टोकांना पाच व्होल्टचा दाब द्यायचा. मधला पाय आतल्या पट्टीवर सरकतो आणि जिथे असेल तिथला दाब सांगतो. आर्डुइनो लिओनार्डो या छोट्या इलेक्ट्रॉनिक पट्टीला तो जोडला की ती त्या दाबाचे शून्य ते १०२३ या आकड्यांत भाषांतर करते आणि संगणकाला स्वतःची ओळख जॉयस्टिक अशीच करून देते. पहिल्याच दिवशी हे चालले, पण विचित्र चालले. दांडी अर्ध्यापर्यंत वळवली तरी विमान ढिम्म, आणि पुढे वळवताच एकदम गिरकी. दोन दिवस मुलांनी आज्ञावलीत दोष शोधला. दोष तेथे नव्हता. आपला कान आवाज सरळ हिशेबाने ऐकत नाही. म्हणून रेडिओच्या खटक्यातील पट्टी मुद्दाम वाकड्या प्रमाणात केलेली असते, आधी सावकाश वाढणारी आणि मग झपाट्याने. विमानाला सरळ प्रमाणाची पट्टी हवी. त्या मुलाने पिशवी पालथी घातली आणि खटक्यांच्या पाठीवरची अक्षरे वाचायला सुरुवात केली. कुठे ‘ए’ होते, कुठे ‘बी’. ‘बी’चे दोन निघाले, दोन्ही दहा किलोओहमचे. त्या दोहोंवर विमान शहाण्यासारखे वागू लागले. ज्याला आम्ही वाचनात कच्चा म्हणत होतो, तो कण्हेरीच्या पानाएवढ्या पत्र्यावरील पुसट अक्षरे अचूक वाचीत बसला होता.

पुढचे बांधकाम त्याच्याच हाताखाली झाले. दोन्ही हातांनी धरायचा दांडा पीव्हीसी पाइपचा. तो टेबलाच्या खणाला असतात तशा सरकपट्टीवर मागेपुढे जातो. ओढला की विमानाचे नाक वर, ढकलला की खाली. वर सायकलचे कापलेले हँडल, ते फिरवले की विमान कलते. अडचण अशी आली की, हँडल नव्वद अंश फिरते आणि खटका तीनशे अंशांचा. म्हणजे हजार पायऱ्यांपैकी जेमतेम तीनशे वापरात येत. त्याने भंगारातल्या प्रिंटरची दातेरी चाके आणली : हँडलच्या दांड्यावर मोठे, खटक्यावर तिसऱ्या हिश्शाचे लहान. हँडल एक हिस्सा फिरले की खटका तीन हिस्से फिरतो. पायांसाठी प्लायवूडच्या दोन पाट्या, मधोमध खुंटीवर फिरणाऱ्या आडव्या फळीला जोडलेल्या. डावी पुढे गेली की उजवी मागे येते, जसे खऱ्या विमानात असते. त्यांचे अंतर मोठ्यांच्या बुटांना नव्हे, बारा वर्षांच्या अनवाणी पायांना बेतलेले आहे.

दांडा सोडल्यावर आपोआप मध्यावर यावा, म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधल्या. पहिल्या दिवशी त्या इतक्या घट्ट की, हात थकत आणि विमान धक्के खाई. दुसऱ्या दिवशी इतक्या सैल की, दांडा मध्यावर येईच ना. वही लिहिणारी मुलगी म्हणाली, ‘‘सर, ही तर सोणाची वीणा!’’ अतिरेकी साधनेने पाय रक्तबंबाळ करून घेतलेल्या सोणाला तथागतांनी त्याच्याच वीणेची आठवण दिली होती. तारा फार ताणल्या तर सूर नाही, फार ढिल्या सोडल्या तरीही नाही. ही कथा आम्ही अनेक वर्षे सांगत आलो. तिचा अर्थ बोटांना कळलेला आम्ही तेव्हा प्रथम पाहिला.

आणखी एक दुखणे राहिले होते. दांडा स्थिर असूनही आकडे थरथरत : ५१२, ५१५, ५०९. आठ मापे घेऊन त्यांची सरासरी संगणकाला कळवायची, हा उपाय लागू पडला. उत्साहाच्या भरात मुलांनी आठाची चौसष्ट केली. थरथर पुरती थांबली, पण दांडा हलविल्यावर विमान पुन्हा उशिरा हलू लागले. ज्या रोगावर महिनोन्‌महिने औषध केले, तोच दुसऱ्या दाराने घरात आला. पुन्हा आठवर आले आणि खटक्याच्या मधल्या पायाला एक बारीक कपॅसिटर जोडून उरलेली थरथर घालवली.

याच सुमारास त्या मुलाचे वडील शाळेत आले. कोणीतरी त्यांना सांगितले होते की, मुलगा शाळेत भंगार जोडत बसतो. ते खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, ‘‘सर, माह्या बापानं ढोरं वढणं सोडलं. माह्याच्यानं भंगार सुटलं नाही. म्हणून पोरगं इथं टाकलं. अन् तुमी त्याच्या हातात पुन्हा भंगारच देल्लं?’’

आम्ही इतिहासाचे शिक्षक. मेलेली ढोरे ओढणे सोडा, हे बाबासाहेबांचे सांगणे आणि त्यापायी गावोगावच्या आपल्या लोकांनी सोसलेले बहिष्कार आम्ही शेकडो वेळा शिकवले आहेत. त्या सोडण्यामागची किंमत ज्याच्या घराने मोजली, त्या माणसासमोर आम्हांला एक वाक्य सुचेना. आम्ही एवढेच म्हणालो की, तुमचा प्रश्न खरा आहे, आम्हांला वेळ द्या. ते गेले. मुलाला नेले नाही, हे त्यांचे उपकार.

त्या रात्री आम्ही १९३६ सालचे ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ पुन्हा उघडले. जात म्हणजे कामाची सोयीस्कर वाटणी, असे म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी तेथे जे उत्तर दिले आहे, त्यातील एक मुद्दा आम्ही पूर्वी वरवर वाचला होता. त्यांचा आक्षेप कामावर नाही. काम माणसाच्या निवडीने आणि कुवतीने ठरत नाही, जन्माने ठरते, यावर आहे. या देशात डोळा एकाकडे आणि हात दुसऱ्याकडे, अशी वाटणी शतकानुशतके झाली. ज्याने पाहिले, त्याने हात लावला नाही. ज्याने हात लावला, त्याला पाहू दिले नाही. सहा चित्रांच्या त्या संगणकावर विमान का कोसळत होते, ते आम्हांला त्या रात्री दुसऱ्यांदा कळले. मुलाच्या हातातून पाना काढून घेणे हा त्याच्या वडिलांच्या प्रश्नाचा जबाब होऊ शकत नव्हता. त्या पान्यामागचे पदार्थविज्ञान, गणित आणि इंग्रजीतील माहितीपत्रक वाचण्याची ताकद त्याला मिळते की नाही, यावर तो जबाब अवलंबून होता. आणि ती देण्याचे काम आमचे होते, ज्यात आम्ही दोन वर्षे कसूर केली होती.

दुसऱ्या दिवसापासून त्या खोलीला वेळापत्रक मिळाले. विज्ञानाच्या शिक्षिका तेथे दाब आणि रोध शिकवू लागल्या, इंग्रजीचे सर माहितीपत्रके वाचून घेऊ लागले. आम्ही भिंतीवर एक चित्र लावले : बेसी कोलमन. टेक्सासमध्ये कापूस वेचणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबातील ही मुलगी शिकागोत लोकांची नखे रंगवून पोट भरत असे. तिला विमान शिकायचे होते. अमेरिकेतील शाळांनी वर्ण आणि स्त्रीत्व पाहून दार लावले. ती फ्रेंच भाषा शिकली, फ्रान्सला गेली आणि १९२१ साली वैमानिकाचा आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन परतली. ज्यांनी नाकारले त्यांच्या दारी न बसता, जिथे दार उघडे होते तिथली भाषा तिने शिकून घेतली. एकलव्याच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट आमच्या मुलांना सांगावीशी वाटते. हिच्यात अंगठा शाबूत राहतो.

यंत्राच्या मर्यादा आम्ही मुलांपासून लपवीत नाही. खोलीतील उड्डाणाचा एकही तास परवान्यासाठी धरला जात नाही. व्यावसायिक परवान्याला खऱ्या विमानातील २०० तास लागतात, आणि त्याचा खर्च लाखोंच्या घरात जातो. वळताना पोटात पडणारा खड्डा, कानातला दाब, वाऱ्याचा खरा धक्का, यांपैकी काही या बाकावर मिळत नाही. आपल्या शाळेतून अद्याप कोणी वैमानिक झालेला नाही. उद्या होईलच, असे आम्ही लिहिणार नाही. येथे मिळते ते एवढेच : आपल्या हाताने केलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवण्यापूर्वी तिची परीक्षा घेण्याची सवय.

मुलांनी उतरण्यासाठी ठिकाण निवडले ते नागपूरचे, बाबासाहेबांचे नाव असलेले विमानतळ. त्याच्या धावपट्टीवर १४ आणि ३२ हे आकडे आहेत. ते होकायंत्राचे अंश, शेवटचे शून्य गाळून लिहिलेले. ३२ कडून उतरायचे तर विमानाचे तोंड ३२० अंशांवर, म्हणजे वायव्येला. वेग सुमारे ६५ नॉट, ताशी १२० किलोमीटर. वहीत पहिल्या सत्तेचाळीस प्रयत्नांपुढे ‘पडले’ असा शेरा आहे. अठ्ठेचाळिसाव्यापुढे त्या मुलीच्या अक्षरात लिहिले आहे : ‘उतरले. तीन उड्या मारल्या, पण उतरले.’ त्या रात्री भोजनगृहात भाकरी कमी पडल्या, कारण कोणीच दोनवर थांबत नव्हते.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी ते वडील पुन्हा आले. पत्र आम्हीच पाठवले होते. खोलीत आल्यावर त्यांनी पडद्याकडे पाहिले नाही. ते खाली वाकले, पायपाटी हाताने हलवून पाहिली आणि म्हणाले, ‘‘हा नट ढिल्ला हाय. एकावर एक दोन लावा, सुटणार नाही.’’ खिशातून नट काढून त्यांनी स्वतः तो बसवला. मग मुलाला म्हणाले, ‘‘कितीक दाबलं, हे त्याले कसं समजते?’’ मुलाने एक सुटा खटका हातात घेतला. ‘‘हे तर मी किलोनं इकतो,’’ वडील म्हणाले. मुलाने त्याचे झाकण उचकटले, आतली काळी पट्टी आणि तिच्यावर सरकणारी पितळी जीभ दाखवली आणि तीन पाय, पाच व्होल्ट, शून्य ते १०२३, हे सारे सांगितले. दहा मिनिटे तो बोलत होता. आमच्या वर्गात तो इतका वेळ सलग कधीच बोलला नव्हता. वडील मधूनमधून प्रश्न विचारीत होते आणि ते प्रश्न आम्हांला सुचले नसते, इतके नेमके होते. निघताना त्यांनी तो उघडलेला खटका खिशात ठेवला. आमच्याशी ते फारसे बोलले नाहीत. जय भीम केला, एवढेच.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले, असा आमचा दावा नाही. तो मुलगा यंदा दहावीला आहे. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत आता तो पानभर लिहितो. सनावळ्यांत अजूनही चुकतो.

माजी विद्यार्थ्यांनी ‘काय पाठवू?’ असे विचारले, म्हणून शेवटी दोन शब्द. बंद पडलेले सारेच पाठवू नका. कोठी पुन्हा भरेल. चालू रॅम, सरळ प्रमाणाचे खटके आणि चुंबकाने चालणारे हॉल सेन्सर हवे आहेत, कारण घासणारी पट्टी वर्षभरात झिजते आणि थरथर पुन्हा सुरू होते. त्याहून अधिक हवा आहे तुमचा एखादा रविवार. या, बाकावर बसा, एकदा कोसळा. वहीत तुमच्याही नावापुढे ‘पडले’ असे लिहिले जाईल. आमच्या नावापुढे ते एकोणीस वेळा लिहिलेले आहे.